गुणांकाचे वाचन : सहसंबंध-विश्लेषण आणि तौलनिक साहित्याभ्यासातील एककाचा प्रश्न

तौलनिक साहित्याभ्यास शंभराहून अधिक वर्षे ज्या प्रश्नाभोवती फिरत राहिला आहे, तो प्रश्न साम्याचा आहे. दोन भाषांतील दोन कृती एकमेकींसारख्या वाटतात, तेव्हा ते सारखेपण उसने घेतलेले असते, समान परिस्थितीतून उद्भवलेले असते, की पाहणाऱ्याने निवडलेल्या चौकटीतच दडलेले असते? फ्रेंच परंपरेने पहिल्या शक्यतेला शास्त्राचा दर्जा दिला. रेने वेलेक यांनी 1958 साली चॅपेल हिल येथील परिषदेत तिच्यावर जो हल्ला चढवला, त्याचा रोख प्रभावांच्या या जमाखर्चावरच होता. संख्याशास्त्रातील 'सहसंबंध' ही संकल्पना म्हणजे याच जुन्या प्रश्नाचे अंकातील रूप होय. दोन चलांची मूल्ये जोडीने कितपत वाढतात वा घटतात हे ती सांगते. का, हे सांगत नाही. साहित्याच्या अभ्यासकाला हे मर्म नव्याने शिकवावे लागू नये. तरीही प्रत्यक्षात मर्म मागे राहते आणि कळफलकावरील हालचाल तेवढी शिकवली जाते.

याला संस्थात्मक कारण आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2009 च्या विनियमांनी पीएच.डी.साठी पूर्वाभ्यासक्रम अनिवार्य केला आणि त्यातील संशोधनपद्धतीच्या भागात संख्यात्मक पद्धती व संगणक-उपयोजन यांना जागा करून दिली. पुढे 2016 व 2022 मध्ये विनियम बदलले, तरी संशोधनपद्धतीचा हा भाग कायम राहिला. भाषाविभागांतील विद्यार्थी त्यामुळे अनेकदा समाजशास्त्रे वा शिक्षणशास्त्र यांच्यासाठी आखलेल्या सामाईक वर्गात बसतो. तेथे त्याला एसपीएसएस ही आज्ञावली दाखवली जाते : 'ॲनलाइझ', 'कोरिलेट', 'बायव्हेरिएट' असा क्रम, दोन चलांची निवड, आणि पडद्यावर एक चौकोनी तक्ता. गुणांकाशेजारी एक तारका असेल तर 0.05 च्या पातळीवर सार्थक, दोन असतील तर 0.01 च्या पातळीवर. तारका लावण्याची खूण आज्ञावलीत आधीच केलेली असते. ती काढण्याचा विचार सहसा कोणी करीत नाही. आज्ञावलीच्या जुन्या आवृत्त्यांत पी-मूल्य फार लहान असेल तर तक्त्यात 0.000 असे छापले जाई आणि प्रबंधातही ते तसेच उतरे. त्याचा अर्थ शून्य नव्हे, तर 0.0005 पेक्षा कमी एवढाच असतो, ही टीप मात्र प्रबंधात क्वचितच आढळते.

आर या मुक्त आज्ञावलीत हेच काम एका ओळीचे आहे. 'कॉर.टेस्ट' या आज्ञेत दोन चलांची नावे दिली की टी-मूल्य, स्वातंत्र्यांश, पी-मूल्य, 95 टक्के विश्वास-अंतराल आणि गुणांक अशी पाच गोष्टींची उतरंड मिळते. पद्धत सांगितली नाही तर आज्ञावली पिअर्सनचा गुणांक गृहीत धरते, म्हणजे संबंध सरळ रेषेचा मानते. स्पिअरमनचा क्रम-गुणांक मागितला तर विश्वास-अंतराल मिळत नाही, आणि आधारसामग्रीत समान मूल्ये असतील तर अचूक पी-मूल्य काढता येत नसल्याचा इशारा येतो. साहित्यातील शब्दगणनेत समान मूल्ये पावलोपावली येतात. कित्येक शब्द वीस कवितांपैकी बारांत एकदाही आलेले नसतात. तो इशारा म्हणजे यंत्राची तक्रार समजून पुढे सरकणारा विद्यार्थी आपल्या सामग्रीविषयीचे पहिलेच खरे वाक्य वाचायचे सोडून देतो.

या उतरंडीतील सर्वांत उपयोगाची ओळ विश्वास-अंतरालाची असते. दहा कादंबऱ्यांवरून 0.60 असा गुणांक मिळाला, तर तो ऐकायला भक्कम वाटतो. पण त्याचा 95 टक्के विश्वास-अंतराल उणे 0.05 पासून 0.89 पर्यंत पसरतो. संबंध नाही असेही म्हणता येते आणि फार घट्ट आहे असेही. उलट हजार कवितांवरून मिळालेला 0.07 हा गुणांक 0.05 च्या पातळीवर सार्थक ठरतो, त्याच्याशेजारी तारकाही झळकते. मात्र एका चलातील चढउताराचा अर्धा टक्काही दुसऱ्याने उलगडत नाही. 'सार्थक' हा पारिभाषिक शब्द मराठीत फसवा आहे. जीवन सार्थक झाले असे म्हणणाऱ्या भाषेत त्याला मोलाचा वास येतो, आणि संख्याशास्त्रात तो मोलाविषयी काहीच बोलत नाही. आलेख न पाहता गुणांक वाचू नये, हे फ्रान्सिस अँस्कोम्ब यांनी 1973 साली चार छोट्या संचांनी दाखवून दिले. प्रत्येकात अकरा बिंदू, सरासऱ्या त्याच, गुणांक सर्वत्र 0.816, पण काढलेल्या चित्रांत एक सरळ पट्टा, एक कमान, एक रेषा जिला एका बिंदूने वाकवले आहे, आणि एक उभी रांग जिचा सारा संबंध एकाच दूरच्या बिंदूवर तोललेला आहे. हे संच आरमध्ये मुळातच समाविष्ट आहेत. पहिला तास त्यांच्यावर खर्च केला तरी चालेल.

साहित्याच्या क्षेत्रात सहसंबंधाचा गंभीर वापर कसा होतो हे पाहण्यासाठी जॉन बरोज यांचा जेन ऑस्टिनवरील 1987 चा ग्रंथ आजही टाळता येत नाही. समीक्षक ज्या शब्दांकडे ढुंकूनही पाहत नाहीत, त्या अतिपरिचित शब्दांपैकी तीस त्यांनी घेतले आणि ऑस्टिनच्या प्रमुख पात्रांच्या बोलण्यात ते किती वेळा येतात हे मोजून पात्रापात्रांमधील सहसंबंध काढले. निष्कर्ष असा की उपपदे, सर्वनामे, अव्यये यांच्या वापरावरूनही ही पात्रे एकमेकांपासून वेगळी ओळखू येतात. येथे एक गोष्ट नीट पाहायला हवी. इंग्रजीतील सर्वाधिक येणारा शब्द तिसाव्या शब्दाच्या कितीतरी पट येतो. अशा उतरत्या यादीवरून कोणत्याही दोन इंग्रजी संहितांचा गुणांक काढला तरी तो 0.9 च्या आसपास वा त्याहून वर जाणे नवलाचे नाही. त्या 0.9 मध्ये ऑस्टिन नाही. इंग्रजी भाषा आहे. बरोज यांचे कौशल्य असे की ते गुणांकाच्या आकारावर विसंबले नाहीत. कोणती जोडी इतरांच्या मानाने सैल आहे याकडे त्यांनी लक्ष दिले, आणि गुणांकांच्या संपूर्ण सारणीचा नकाशा काढून मग कादंबरीकडे परतले. परतणे हा त्या ग्रंथाचा खरा गुण आहे. नंतर 2002 मध्ये त्यांनीच मांडलेल्या 'डेल्टा' या मापात प्रत्येक शब्दाची वारंवारता आधी प्रमाणित केली जाते, जेणेकरून मोठे शब्द लहान शब्दांना दडपून टाकणार नाहीत.

डेल्टामध्ये मात्र शब्दांचे आपसांतील सहसंबंध हिशेबात घेतले जात नाहीत. ते घेणारे अंतर प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी 1936 सालीच मांडले होते, आणि त्याची पाळेमुळे कलकत्त्यातील अँग्लो-इंडियनांच्या शरीरमापनाच्या सामग्रीत होती. रवींद्रनाथांच्या निकटच्या वर्तुळात वावरलेल्या या संख्याशास्त्रज्ञाचे माप साहित्याच्या वर्गात परदेशी शैलीमितीचे बोट धरून यावे, यात थोडा उपरोध आहे.

संगणकीय समीक्षेवरील आक्षेपांपैकी सर्वांत धारदार आक्षेप नॅन दा यांनी 2019 मध्ये 'क्रिटिकल इन्क्वायरी'त घेतला. त्यांच्या मते या समीक्षेत जे पक्के असते ते आधीच उघड असते, आणि जे उघड नसते ते पक्के नसते. अनेक उदाहरणांपुरते हे म्हणणे मान्य करावे लागते. परंतु हा आक्षेप गणिताच्या पायरीवर रेंगाळतो. त्याच्या अगोदरची पायरी, म्हणजे मोजायचे एकक कोणते आणि ती एकके परस्परांपासून स्वतंत्र आहेत काय, ही तौलनिक अभ्यासकाच्या दृष्टीने अधिक कळीची आहे. पी-मूल्याचे सारे गणित स्वतंत्र एककांवर उभे असते, आणि आज्ञावलीला ते स्वातंत्र्य तपासण्याचे कोणतेही साधन नसते. तिला ओळी दिसतात. एकेक ओळ म्हणजे तिच्या लेखी एकेक स्वतंत्र साक्षीदार.

हा प्रश्न सहसंबंधाच्या जन्मकाळचाच आहे. 1888 च्या नोव्हेंबरात एडवर्ड टायलर यांनी लंडनच्या मानवशास्त्रीय संस्थेत एक निबंध वाचला. साडेतीनशेच्या आसपास मानवसमूहांच्या नोंदी घेऊन, लग्नानंतर पुरुषाने बायकोच्या घरी राहणे आणि जावई-सासू यांनी एकमेकांना टाळणे यांसारख्या चालीरीती योगायोगाने अपेक्षित असतील त्याहून अधिक वेळा एकत्र आढळतात, असे त्यांनी दाखवले. अध्यक्षस्थानी फ्रान्सिस गाल्टन होते. त्यांनी विचारले की, या समूहांपैकी किती जणांनी ही चाल स्वतंत्रपणे घडवली आणि किती जणांनी ती एकाच उगमापासून घेतली? एकाच मूळ प्रतीच्या दहा नकला दहा साक्षी कशा मानायच्या? पुढच्याच महिन्यात याच गाल्टन यांनी रॉयल सोसायटीपुढे सहसंबंधाच्या मापनावरील आपला निबंध सादर केला. माप आणि मापावरील सर्वांत मोठी शंका ही एकाच माणसाच्या हातून काही आठवड्यांच्या अंतराने पुढे आली. मानवशास्त्राने तिला 'गाल्टनची समस्या' असे नाव देऊन जपले. तौलनिक साहित्याभ्यासाने 'प्रभाव की समांतरता' या नावाखाली तोच वाद घातला, पण तो संख्याशास्त्राशी जोडला नाही.

भारतीय कादंबरीच्या उगमाचे उदाहरण घेतले म्हणजे ही समस्या किती जवळची आहे ते कळते. समजा, आधुनिक शिक्षणाचा प्रारंभ आणि कादंबरीचा प्रारंभ यांत सहसंबंध आहे काय, हे पाहायचे आहे. मराठीत 'यमुनापर्यटन' 1857 मध्ये, बंगालीत 'दुर्गेशनंदिनी' 1865 मध्ये, गुजरातीत 'करणघेलो' 1866 मध्ये, तेलुगूत 'राजशेखर चरित्रमु' 1878 मध्ये, तमिळमध्ये 'प्रताप मुदलियार चरित्रम्' 1879 मध्ये, मलयाळममध्ये 'इंदुलेखा' 1889 मध्ये आली. यांतील प्रत्येक 'पहिली'बद्दल वाद आहे. बंगालीत 'आलालेर घरेर दुलाल' 1858 ची आणि मलयाळममध्ये 'कुंदलता' 1887 ची. तो वाद तूर्त बाजूला ठेवून प्रत्येक भाषेसमोर तिच्या प्रांतातील पहिल्या विद्यापीठाचे वर्ष लिहावे. कलकत्ता, मुंबई, मद्रास : तिन्ही विद्यापीठे 1857 चीच. सहा भाषा आणि सहाही ओळींत 1857. आरला हे दोन स्तंभ दिले तर गुणांक मिळत नाही. प्रमाण विचलन शून्य असल्याची सूचना येते आणि उत्तराच्या जागी 'उपलब्ध नाही' अशी खूण उमटते. यासारखे प्रामाणिक उत्तर दुसरे नसेल. सहा साहित्यांच्या सहा साक्षी नाहीत. एका साम्राज्याच्या एका निर्णयाची सहा प्रतिबिंबे आहेत. विद्यापीठाऐवजी छापखान्यांची संख्या वा वृत्तपत्रांची संख्या घेतली तर स्तंभात चढउतार येईल, गुणांकही मिळेल, कदाचित तारकाही. परंतु मुळातला अडसर तसाच राहील. चंदू मेनन यांनी डिझरायलीची कादंबरी भाषांतरित करण्याच्या प्रयत्नातून 'इंदुलेखा'कडे वळल्याचे स्वतःच नोंदवले आहे, आणि कंदुकूरी वीरेशलिंगम् यांच्या कादंबरीमागे गोल्डस्मिथ उभा आहे. एककांना जोडणारे हे धागे म्हणजेच तौलनिक साहित्याचा विषय. त्यांना तोडून स्वतंत्र ओळी बनवायच्या आणि मग त्यांच्यात संबंध आहे काय हे यंत्राला विचारायचे, हा व्यवहार उलटा आहे.

काळाच्या अक्षावर मांडलेल्या मालिकांबाबत धोका याहून सोपा आणि म्हणूनच अधिक पसरलेला आहे. उडनी यूल यांनी 1926 च्या निबंधात दाखवले की 1866 ते 1911 या काळातील इंग्लंड-वेल्समधील एकूण विवाहांत आंग्ल चर्चमधील विवाहांचे प्रमाण आणि मृत्युदर यांचा सहसंबंध 0.95 येतो. दोन्ही मालिका उतरत होत्या, एवढेच. दशकागणिक कादंबऱ्यांची संख्या आणि दशकागणिक साक्षरता यांचे आलेख शेजारी ठेवून समाधान पावणाऱ्यांनी यूल वाचलेला बरा. पुढे 1944 मध्ये याच यूल यांनी साहित्यिक शब्दसंपदेवर ग्रंथ लिहिला, हे येथे जाता जाता नोंदवण्याजोगे.

मराठीच्या अभ्यासात या साऱ्याचा कस लागेल असा प्रश्न जुनाच आहे. ज्ञानेश्वरीकर्ते आणि अभंगकर्ते ज्ञानदेव एक की दोन, हा वाद एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'सुधारक' पत्रातील 'भारद्वाज' या टोपणनावाच्या लेखमालेने पेटवला. ज्ञानेश्वरीत विठ्ठलभक्ती दिसत नाही, अभंगांची भाषा अर्वाचीन वाटते, असे आक्षेप होते. अभंग मुखपरंपरेने आले म्हणून भाषा बदलली, असे उत्तर होते. शैलीमितीची आज्ञावली हाताशी आलेल्या संशोधकाला येथे सहसंबंध काढून वाद मिटवण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. मोह आवरण्याचे कारण नाही, पण पायऱ्या मोजायला हव्यात.

पहिली अडचण अक्षरांपाशीच येते. संगणकाच्या काही प्रचलित शब्दविच्छेदकांच्या लेखी 'अक्षर' म्हणजे फक्त स्वर-व्यंजन. काना, वेलांटी, हलन्त ही चिन्हे अक्षरात धरली जात नाहीत. पायथनच्या नेहमीच्या शब्दशोधक सूत्राला 'पुस्तक' हा शब्द दिला तर 'प', 'स' आणि 'तक' असे तीन तुकडे हाती येतात. अशा तुकड्यांवरूनही सहसंबंध निघतो, तक्ता सुबक दिसतो आणि कोठेही चूक झाल्याची सूचना येत नाही. दुसरी अडचण व्याकरणाची आहे. बरोज यांच्या तीस शब्दांत षष्ठी, चतुर्थी, सप्तमीचे काम करणारे सुटे शब्द आहेत. मराठीत ते काम प्रत्यय करतात आणि प्रत्यय शब्दात विरलेले असतात. म्हणून इंग्रजीची यादी-पद्धत जशीच्या तशी लावली तर शैलीचा मोठा भाग गणनेबाहेर राहतो. प्रत्यय वेगळे काढावे लागतील किंवा तीन-चार अक्षरांचे गट मोजावे लागतील. तिसरी अडचण संपादकाची. 1962 च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. एका आवृत्तीत 'तैसें', दुसरीत 'तैसे' : यंत्राला हे दोन शब्द आहेत. राजवाडे यांची 1909 ची प्रत आणि पुढच्या काळातील एखादी सुबोध आवृत्ती यांची तुलना केली तर जे अंतर मिळेल, त्यात कवीचा वाटा किती आणि संपादकाचा किती हे वेगळे करता येणार नाही. शिवाय ज्ञानेश्वरी म्हणून जी हाती असते ती बव्हंशी एकनाथांनी शके 1506 मध्ये शुद्ध केलेल्या परंपरेतली.

अभंगाच्या रचनेतही एक सापळा आहे. नाममुद्रेतील 'म्हणे' हा शब्द अभंगात साधारणपणे एकदा येतो. चाळीस शब्दांच्या अभंगात त्याची वारंवारता हजारी 25 पडते, ऐंशी शब्दांच्या अभंगात 12.5. शैली तीच, फक्त लांबी बदललेली. दर अभंगी एकदाच येणाऱ्या कोणत्याही दोन घटकांची अशी हजारी प्रमाणे घेतली, तर त्यांत उत्तम सहसंबंध दिसेल आणि तो केवळ सामाईक छेदातून आलेला असेल. कार्ल पिअर्सन यांनी 1897 मध्ये आभासी सहसंबंध हा शब्दप्रयोग केला तो नेमका सामाईक छेदाच्या गुणोत्तरांविषयी.

लांबीचा प्रश्न येथेच संपत नाही. अनेक युरोपीय भाषांतील कादंबऱ्यांवर केलेल्या तपासणीत मासिएय एडर यांना असे आढळले की कर्तृत्वनिश्चितीसाठी नमुना सुमारे 5000 शब्दांचा असेल तरच निकाल भरवशाचे येतात. पद्य व लॅटिन यांना त्याहून कमी पुरतात. एकटा अभंग त्याच्या जवळपासही पोचत नाही. म्हणजे अभंगांचे गठ्ठे बांधावे लागणार. ते गाथेच्या छापील क्रमाने बांधले तर संपादकाने केलेली विषयवारी गठ्ठ्यांत उतरेल : एक गठ्ठा योगपर, एक विठ्ठलपर, एक नामपर. यंत्र मग विषय वेगळे करील आणि वाचक त्याला कवी समजेल. आणि गठ्ठे कसेही बांधले तरी गाल्टन यांचा प्रश्न उरतोच. एकाच फडाच्या बाडांतून, त्याच टाळकऱ्यांच्या तोंडून आलेले पाचशे अभंग ही भाषिक बदलाची पाचशे स्वतंत्र उदाहरणे नव्हेत. एका गायकाने 'म्हणौनि'चे 'म्हणोनि' केले की ते साऱ्या बाडात होते.

तरीही एक वाट मोकळी आहे, आणि ती संख्याशास्त्राला परिचित अशा नियंत्रणाच्या कल्पनेतून जाते. ओवीतील भाष्य आणि गायचा अभंग या दोन प्रकारांमुळेच, कवी एक असूनही, किती अंतर पडते हे आधी ठाऊक असायला हवे. एकनाथांनी 1573 मध्ये वाराणसीत पूर्ण केलेले भागवत ओवीबद्ध भाष्य आहे, आणि त्यांचे अभंगही आहेत. रामदासांचा दासबोध ओवीत आहे आणि अभंग वेगळे. या दोघांच्या ओवी-अभंगांतील अंतर हे प्रकारभेदाचे माप ठरू शकते. त्यासाठी भावार्थ रामायण मात्र टाळावे, कारण त्याचा उत्तरभाग परंपरेने गावबाचा मानला आहे. ज्ञानेश्वरी-अमृतानुभव यांतील अंतर, ज्यात छंद एक पण भाष्य व स्वतंत्र ग्रंथ असा भेद आहे, दुसऱ्या बाजूचे माप देईल. मग ज्ञानेश्वरी आणि ज्ञानदेवांच्या नावावरील अभंग यांच्यातील अंतर या मापांच्या शेजारी ठेवता येईल. ते एकनाथ-रामदासांच्या अंतराइतकेच निघाले तर शैलीच्या आधारे दोन ज्ञानदेव मानण्याचे कारण उरत नाही. मात्र एकच होते असेही त्यावरून सिद्ध होत नाही. ते बरेच अधिक निघाले तर कवी दोन की मधली तीनशे वर्षे, हा निर्णय हस्तलिखितांकडे जातो, कारण एकनाथांच्या अभंगांना मुखपरंपरेत ज्ञानदेवांच्या अभंगांपेक्षा सुमारे तीन शतके कमी काढावी लागली आहेत आणि तेवढ्या फरकाची भरपाई करणारा स्तंभ कोणत्याही तक्त्यात नाही.